आगगाडीतून उतरले ते जळगावलाच का?

तापीकाठचा
४ मे, रात्री ९.४०

परवा पुतणीच्या बस्त्यासाठी फुले मार्केटात गेलो होतो. नेहमीचंच दुकान. गल्ल्यावर मुलगा, साड्या उलगडायला नातू आणि आत कोपऱ्यात खुर्चीवर बाबा. बाबांचं वय पंचाऐंशीच्या पुढे असणार. आमची सौ. सावद्याची. तिने घासाघीस सुरू केली तशी बाबांनी कोपऱ्यातूनच तिच्याच लेवा बोलीत असं काही उत्तर दिलं की ती हसायलाच लागली आणि भाव करायचं विसरली. माणूस सिंधी आहे हे दुकानाच्या पाटीवरून कळतं, बोलण्यावरून नाही.

बाहेर उसाचा रस पीत उभे होतो. ४४ डिग्री, डांबर चपलेला चिकटतंय. सौ. म्हणाली, "एवढा देश पडला होता, यांना मुक्कामाला जळगावच सापडलं का?" चौतीस वर्षं या गावात काढली, पण मला सांगता येईना.

माहीत आहे तेवढं लिहितो. सिंधमध्ये ऑगस्ट १९४७ मध्ये पंजाबसारखी कत्तल झाली नव्हती. "बघू, निवळेल" म्हणून बरेच जण थांबले होते. ६ जानेवारी १९४८ ला कराचीत दंगल झाली आणि धीर सुटला. बारा लाखांच्या आसपास माणसं निघाली. कुणी बोटीने मुंबईला नाहीतर ओख्याला, कुणी मीरपूर खासवरून रेल्वेने मारवाडात. मुंबई सरकारने कल्याणजवळच्या, महायुद्धानंतर रिकाम्या पडलेल्या लष्करी बराकी त्यांना दिल्या. ८ ऑगस्ट १९४९ ला त्या छावणीचं उल्हासनगर झालं.

इथपर्यंत वाचायला मिळतं. पण तिथून जळगाव, धुळे, अमळनेर, चाळीसगाव, नंदुरबार? आपल्याकडे जरा मोठा बाजार असलेल्या प्रत्येक गावात सिंधी कॉलनी आहे. समुद्र नाही, ओळख नाही, भाषा नाही.

आणि प्रश्न फक्त सिंध्यांचा नाही. राज्य उलथलं, रातोरात निघावं लागलं, तर माणूस पुढची जागा ठरवतो कशी? इथे परदेशात राहणारे आहेत, इतिहासवाले आहेत. सांगा.


शंकासुर
४ मे, रात्री १०.०५

काका, "ठरवतो" या शब्दालाच हरकत. ठरवायला वेळ आणि पैसा लागतो. सरकारने गाडीत बसवलं, जिथे बराक रिकामी तिथे उतरवलं. उद्या विचाराल, केळीचं खोड भुसावळच्या ट्रकमध्ये का चढलं.


कळण्याची भाकरी
४ मे, रात्री १०.३१

शंकासुर, बराकीत उतरवलं हे खरं. पण बराकीतून पुढे कुणी नेलं?

कोल्हापूरजवळच्या वळिवड्याचं बघा. १९४३ ते १९४८ तिथे पोलंडचे निर्वासित होते, पाचेक हजार. स्टालिनने सायबेरियात धाडलेली माणसं इराणमार्गे तिथे आली होती. छावणी उठली आणि त्याच बराकींमध्ये सिंधी आले. आज ते गांधीनगर, कपड्यांची मोठी घाऊक पेठ. जागा एकच, छप्परं एकच. पोलिश लोक बहुतेक सगळे निघून गेले, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, अमेरिका, काही परत पोलंडला. सिंधी थांबले आणि बाजार उभा राहिला. नुसतं सरकारने उतरवलं म्हणून सगळं ठरत असतं तर दोघांचं सारखंच व्हायला हवं होतं ना?


बर्लिनमधला भुसावळकर
५ मे, मध्यरात्री १.१५

इथे अजून दहाही वाजले नाहीत, त्यामुळे लांबलचक लिहितो.

माझ्या ऑफिसपासून जवळ झोननअली नावाचा रस्ता आहे. अरबी पाट्या, शावर्मा, सोन्याची दुकानं, हुक्क्याचे तंबाखू. लोकांना वाटतं २०१५ मध्ये सीरियन आले आणि हा रस्ता तसा झाला. उलट आहे. सत्तरच्या दशकात लेबनॉनमध्ये यादवी पेटली तेव्हा तिथले लोक, त्यात पॅलेस्टिनीही पुष्कळ, विमानाने पूर्व बर्लिनच्या शोनेफेल्ड विमानतळावर उतरायचे आणि सरळ पश्चिम बर्लिनमध्ये जायचे. पश्चिमवाले ती हद्द आंतरराष्ट्रीय सीमा मानत नसल्यामुळे त्यांच्या बाजूला तपासणी जवळजवळ नव्हतीच. म्हणजे शीतयुद्धाच्या भिंतीतली एक फट आणि त्या फटीच्या पलीकडे स्वस्त घरं. चाळीस वर्षांनी सीरियन आले तेव्हा खाटीक, न्हावी, अर्ज भरून देणारा, सगळं आपल्या भाषेत तयार होतं.

आणि हे जर्मन सरकारने ठरवलेलं नाही. सरकारचा कोटा असतो, कोणत्या राज्याने किती निर्वासित घ्यायचे ते कर आणि लोकसंख्या बघून ठरतं. कागदावर माणूस कुठल्यातरी खेड्यात असतो, मन झोननअलीवर. २०१६ मध्ये तर कायदाच केला की मान्यता मिळाल्यावर तीन वर्षं नेमून दिलेल्या राज्यातच राहायचं, काम किंवा शिक्षण मिळालं तर सूट. लोक आपणहून पांगले असते तर कायदा लागला नसता.

अमेरिकेने १९७५ मध्ये व्हिएतनामी लोकांना मुद्दाम देशभर विखुरलं होतं, एका जागी ओझं नको म्हणून. पाच-दहा वर्षांत बरेच जण बर्फातून उठून कॅलिफोर्नियाच्या ऑरेंज काउंटीत गोळा झाले. तिथे जवळच पेंडलटन नावाचा लष्करी तळ, सुरुवातीची मोठी छावणी तिथलीच. आज ते लिटल सायगॉन.

म्हणून माझं म्हणणं असं: पहिला मुक्काम सरकार, बोट, रेल्वे ठरवते. दुसरा मुक्काम माणूस ठरवतो. काका विचारताहेत तो दुसऱ्या मुक्कामाचा प्रश्न आहे.


शंकासुर
५ मे, सकाळी ८.१२

दुसरा मुक्काम माणूस ठरवतो, बरं. मग पूर्व बंगालच्या निर्वासितांचं काय? १९५८ पासून त्यांना दंडकारण्यात नेलं. नदीत वाढलेली माणसं कोरड्या, खडकाळ जंगलात. रायपूरच्या माना छावणीत वर्षानुवर्षं गेली. आपल्याच चंद्रपूर-गडचिरोलीतही बंगाली वसाहती आहेत. १९७८ मध्ये हजारो कुटुंबांनी स्वतः ठरवलं, उठली आणि सुंदरबनातल्या मरीचझापी बेटावर जाऊन बसली. भाषा आपली, पाणी आपलं. १९७९ मध्ये सरकारने नाकेबंदी केली आणि पोलीस घालून बेट रिकामं केलं, माणसं मेली. हा त्यांचा "दुसरा मुक्काम".

ठरवणं आणि ठरवू देणं यात फरक आहे, एवढंच.


बर्लिनमधला भुसावळकर
५ मे, दुपारी १२.४०

मान्य. माझ्या वाक्याला तुमचं वाक्य जोडून घेतो.


मोसमपूल
५ मे, दुपारी १.२०

आमच्या मालेगावचं कुणी काढलंच नाही म्हणून लिहितो.

१८५७ च्या बंडानंतर इंग्रजांनी उत्तरेत सूड घेतला. आझमगड, मऊ, बनारस, अलाहाबाद या पट्ट्यातले मोमीन विणकर तेव्हा घरं सोडून निघाले. कुठे जायचं माहीत नव्हतं, पण रस्ता माहीत होता: आग्रा रोड. हातमाग खांद्यावर घेता येत नाही, पण हातातला कसब येतो. काही रस्ता सोडून बऱ्हाणपूरला थांबले. धुळ्याला काही थांबले. मालेगावला मोसम नदी, आधीपासूनची मुसलमान वस्ती, किल्ल्यामुळे वाढलेली पेठ आणि लुगड्यांना गिऱ्हाईक. मोठा जत्था तिथेच बसला. पुढे गेले त्यांनी भिवंडी गाठली. आज यंत्रमागांच्या या गावांची नावं एका ओळीत लिहा आणि नकाशावर बोट फिरवा. बऱ्हाणपूर सोडलं तर बोट हायवेवरून खाली सरकणार नाही.

माझी आजी बनारसच्या बाजूची उर्दू बोलायची, शिव्या मात्र मराठीत. तिच्या आजीनेही बनारस पाहिलं नव्हतं.


बोरीकाठनी वारी
५ मे, दुपारी १.४५

मालेगाव खान्देशमां कवयपासून? नाशिक जिल्हा से ना भो.


मोसमपूल
५ मे, दुपारी १.५२

१८६९ पर्यंत खान्देश जिल्ह्यातच होतं. नाशिक जिल्हा झाला तेव्हा आम्हाला तिकडे टाकलं. आम्हाला कुणी विचारलं नव्हतं. आम्हीही एका अर्थी विस्थापितच.


कळण्याची भाकरी
५ मे, दुपारी २.०३

मोसमपूल, हे भारी होतं. शेवभाजी माझ्याकडून.


बऱ्हाणपूर दरवाजा
५ मे, सायंकाळी ६.३०

काकांच्या प्रश्नात एक गंमत राहून गेली. सिंधी लोक खान्देशात पहिल्यांदा १९४८ मध्ये आलेले नाहीत. चारशे वर्षं आधीही आले होते.

बऱ्हाणपूर तेव्हा खान्देशची राजधानी. आज मध्य प्रदेशात असलं तरी आपण आपलंच मानतो (बोरीकाठ, तुम्ही बोलायच्या आधी सांगतो). शहरात सिंधीपुरा नावाचा मोहल्ला आहे. सोळाव्या शतकात सिंधमध्ये मोठी उलथापालथ झाली. १५२० च्या सुमारास अर्घुन घराण्याने सिंधची राजधानी ठठ्ठा घेतली. वीस वर्षांनी शेरशहाने हुसकावलेला हुमायून फौज घेऊन तिथे भटकत राहिला, मुलूख उजाड झाला. तेव्हा तिथले सूफी, विद्वान, कारागीर बाहेर पडले आणि गुजरात, वऱ्हाड करत फारुकी सुलतानांच्या आश्रयाला बऱ्हाणपूरला आले. शेख ईसा जुंदुल्लाह हे बऱ्हाणपूरचे मोठे सूफी याच सिंधी घराण्यांतले. त्यांचा दर्गा आजही आहे.

का आले? मला वाटतं, फारुकींचं राज्य लहान होतं, आणि लहान राज्याला मोठी माणसं हवी असतात. दिल्लीत विद्वानांची गर्दी. बऱ्हाणपूरला आलेल्या शहाण्या माणसाला सुलतान स्वतः भेटायचा. १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला आणि फारुकी संपले, पण सिंधीपुरा राहिला.

१९४८ ला आलेल्यांना हे ठाऊक असण्याचं कारण नाही. दोन्हींचा संबंध लावत नाही. फक्त योगायोग सांगितला.


तापीकाठचा
५ मे, रात्री ८.५०

बऱ्हाणपूरला दहा वेळा गेलोय, राजघाटावर मावा जिलेबी खाऊन परत आलोय. सिंधीपुऱ्याचं नाव रिक्षावाल्याच्या तोंडून ऐकलं होतं आणि वाटलं, आपल्याकडच्यासारखी नवी कॉलनी असेल. धन्य आमची.


खापरावरचे मांडे
५ मे, रात्री ९.३०

मी इतिहासातलं नाही, घरातलं सांगते.

माझी भाची चोपड्याची. युक्रेनमध्ये खारकीवला मेडिकलच्या चौथ्या वर्षाला होती. २४ फेब्रुवारी २०२२ ला युद्ध सुरू झालं. सहा दिवस मेट्रोच्या तळघरात. २ मार्चला दूतावासाने सांगितलं, मिळेल तसं, चालत का होईना, शहराबाहेरच्या पिसोचिनला पोचा. पोरी चालत गेल्या. तिथून पश्चिमेकडे, मग पोलंड, मग विमान. घरी आली तेव्हा तिच्या बॅगेत एक पुस्तक आणि अर्धं बिस्किट होतं, बाकी सगळं तिथेच.

आता पुढे काय? इथल्या कॉलेजात घेत नव्हते. मग दुसऱ्या देशातल्या विद्यापीठात जाऊन कोर्स पुरा करायला परवानगी मिळाली. जॉर्जिया, कझाकस्तान, उझबेकिस्तान, रोमानिया, असे पर्याय. तुम्ही वर दुसरा मुक्काम म्हणताय ना, तो आम्ही डायनिंग टेबलवर बसून ठरवला. भाचीच्या बाबांनी फी बघितली, आईने विमानाचे तास मोजले. पण शेवटी ठरलं ते कशावरून? तिची रूममेट तिबिलिसीला आधी जाऊन बसली होती आणि तिने व्हॉट्सअॅपवर स्वयंपाकघराचा फोटो पाठवला होता. त्यात भिंतीला टेकवलेलं पोळपाट दिसत होतं. वहिनी म्हणाली, चला, तिबिलिसी.

खरी गोष्ट पुढे आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये पुतिनने सैन्यभरती काढली आणि रशियातली तरुण पोरं जॉर्जियात घुसली. त्यांना तिथे व्हिसाशिवाय वर्षभर राहता येतं. डोंगरातल्या नाक्यावर कित्येक किलोमीटर गाड्यांच्या रांगा लागल्या होत्या, टीव्हीवर बघितलं असेल. कॉम्प्युटरवाली पोरं, डॉलरमध्ये पगार. तिबिलिसीची भाडी दुप्पट झाली. भाचीच्या घरमालकिणीने तीन पोरींना पंधरा दिवसांत खोली सोडायला सांगितलं. त्यांच्या जागी कोण आला, तर मॉस्कोहून पळून आलेला एक मुलगा. तिच्याहून दोन-चार वर्षांनीच मोठा.

भाची म्हणे, आत्या, मला त्याचा राग येईना गं. तोही बॅगच घेऊन आला होता. मला घरमालकिणीचाच आला.


कळण्याची भाकरी
५ मे, रात्री ९.४४

पोळपाटाचा फोटो! बास, मला उत्तर मिळालं.


शंकासुर
५ मे, रात्री १०.१०

मलाही, बहुतेक. यातून एक आठवलं. १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातल्या आशियाई लोकांना ९० दिवसांची मुदत दिली. इंग्लंडच्या लेस्टर शहराच्या नगरपालिकेने युगांडातल्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली: कृपया लेस्टरला येऊ नका, घरं नाहीत, शाळा भरल्यात. झालं, ज्यांनी लेस्टरचं नाव ऐकलं नव्हतं त्यांनाही कळलं की आपले इतके लोक तिथे आहेत की नगरपालिका घाबरलीय. हजारो लेस्टरलाच गेले.

कुणाला थांबवायचं असेल तर निदान गावाचं नाव तरी छापू नये.


अंजनीचा वळसा
६ मे, सकाळी ७.१५

इतकं सगळं चांगलं चाललंय, पण आजचं कुणी बोलत नाही. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामनंतर राज्यातल्या पाकिस्तानी नागरिकांचे शहरवार आकडे बातम्यांत आले होते. नागपूर अडीच हजारांच्या जवळ, ठाणे अकराशेच्या, आणि तिसरं कोण? मुंबई नाही, पुणे नाही. जळगाव, चारशेला थोडे कमी. तेव्हा व्हॉट्सअॅपवर काय काय फिरलं ते आठवत असेल. कुणी चौकशी करेल का?


बोरीकाठनी वारी
६ मे, सकाळी ७.४०

कशानी चौकशी भो? त्या बहुतेक सिंधी हिंदूच सेत, दीर्घ मुदतीना व्हिसावर. मामानं घर आठे, आत्यानं घर आठे, म्हणीसन आठे येतस. ज्याले नागरिकत्व भेटनं नही तो पाकिस्तानी नागरिकच लिखाई जास. बातमी पुरी वाचा ना.


अंजनीचा वळसा
६ मे, सकाळी ७.५५

मी फक्त प्रश्न विचारला. प्रश्न विचारायचा नाही का?

[यापुढचे सहा प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत. व्यक्तिगत शेरेबाजी नको. धागा स्थलांतरितांच्या जागेच्या निवडीबद्दल आहे, मतदारयादीबद्दल नाही. – संपादक मंडळ]


कुमारनगरची
६ मे, सकाळी ११.२०

चार दिवस फक्त वाचायचं ठरवलं होतं. सकाळच्या त्या सहा प्रतिसादांपैकी तीन वाचले, म्हणून लिहिते.

मी धुळ्याची, कुमारनगरची. तिसरी पिढी. माझी शाळा मराठी माध्यमाची. सिंधी मला बोलता येतं, वाचता येत नाही, कारण आजोबा ती अरबी वळणाच्या लिपीत लिहायचे. त्यांची एक वही घरात आहे आणि घरातल्या कुणालाच ती वाचता येत नाही.

सिंधी म्हणजे एक ढीग नव्हे. हैदराबादचे (सिंधमधल्या) मोठे व्यापारी, ज्यांना सिंधवर्की म्हणायचे, त्यांच्या पेढ्या आधीपासूनच हाँगकाँग, मनिला, जिब्राल्टरपर्यंत होत्या. राज्य बदललं तेव्हा ते आपल्याच शाखेत गेले. वकील, डॉक्टर, सरकारी नोकर मुंबई-पुण्यात गेले. १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच होतं आणि मॅट्रिकची परीक्षा तर त्यानंतरही मुंबई विद्यापीठाचीच. माझ्या आजोबांच्या थोरल्या भावाला मुंबई म्हणजे परदेश वाटलाच नाही. त्याच्या सर्टिफिकेटवर तोच शिक्का होता. छोटे दुकानदार, ज्यांच्याकडे पेढीही नाही आणि पदवीही नाही, ते छावणीत. आमचे आजोबा त्यातले.

आणखी एक. पंजाबच्या निर्वासितांना पूर्व पंजाबात जमिनी मिळाल्या, कारण तिथले मुसलमान गेले होते आणि जमीन मागे राहिली होती. मुंबई राज्यातले मुसलमान बहुसंख्येने इथेच राहिले. मग आम्हाला द्यायला जमीन कुठली? ते राहिले हे चांगलंच झालं, तक्रार नाही करत. पण त्यामुळे सिंधी शेतकरी शेतकरी राहू शकला नाही. माझ्या आजीच्या माहेरी शेती होती. तिचे भाऊ धुळ्यात येऊन पापड लाटायला लागले, मग सायकलवर कापड. १९५४ च्या निर्वासित भरपाई कायद्याखाली क्लेम भरला. पैसे आले तोपर्यंत पणजोबा गेले होते.

धुळेच का, हे मी आजीला विचारलं होतं. ती म्हणाली, तुझ्या आजोबांचा मित्र इथे होता. मित्र इथे का होता? त्याचा साडू इथे होता. साडू का होता? तेव्हा आजी चिडली आणि म्हणाली, सगळ्यांच्या आधी आला तो वेडा असणार.


खापरावरचे मांडे
६ मे, सकाळी ११.४८

कुमारनगरची, तुम्ही लिहीत राहा. त्या वहीचे फोटो काढून ठेवा आधी. पुण्या-मुंबईत ती लिपी वाचणारी म्हातारी माणसं अजून भेटतील.


बऱ्हाणपूर दरवाजा
६ मे, दुपारी १२.३०

आजीच्या उत्तराला साष्टांग.

थोडं अवांतर. न गेलेल्यांचाही एक मुद्दा आहे. अमळनेरची वनस्पती तुपाची गिरणी, जिची पुढे विप्रो झाली, ती २९ डिसेंबर १९४५ ला नोंदली गेली. मालक महंमद हाशम प्रेमजी, तांदळाचे मोठे व्यापारी. फाळणीच्या वेळी जिनांनी त्यांना पाकिस्तानात बोलावलं होतं आणि त्यांनी नकार दिला, असं सांगतात. कापूस-शेंगदाण्याच्या मुलखात नुकतीच गिरणी घातलेला माणूस. ती उचलून कुठे नेणार? नाही गेलेल्याच्या मागेही बहुधा असंच काहीतरी जड असतं.


मोसमपूल
६ मे, दुपारी १.०५

आमच्या गल्लीतला एक जण मात्र गेला होता, कराचीला. आजोबांचा धाकटा भाऊ. १९६५ पर्यंत पत्रं यायची. सगळ्या पत्रांत मोसम नदीला पाणी किती आलं, हाच प्रश्न. आता तिला पाणी नसतंच, त्यामुळे बरं झालं पत्रं थांबली.


कळण्याची भाकरी
६ मे, दुपारी ३.१५

धुळ्यात थंडीला स्वेटर विकायला येणारे तिबेटी आठवले. १९५९ नंतर आलेली माणसं. त्यांना तर जागा नेमूनच दिल्या: तेव्हाच्या म्हैसूर राज्यात बायलकुप्पे, पुढे मुंडगोड, आपल्या गोंदिया जिल्ह्यात गोठणगाव. बर्फातली माणसं भाताच्या शेतात. पण वर्षातले तीन महिने ते स्वतः निवडलेल्या गावी जातात आणि दरवर्षी त्याच गावी जातात. माझ्या ओळखीची एक बाई वीस वर्षं धुळ्यालाच येते. एकदा विचारलं, मोठ्या शहरात का नाही जात? म्हणाली, तिथे आमचेच चारशे जण असतात, विकायचं कुणाला?

काका, हे त्या दुकानातल्या बाबांना विचारून बघा.


तापीकाठचा
८ मे, रात्री ९.१०

विचारलं. साड्या बदलायच्या निमित्ताने आज परत गेलो. दुपारी दुकानात कुणी नव्हतं, बाबांनी बसवून घेतलं, चहा सांगितला. दीड तास बोलत होते. मी लिहून घेतलं नाही, आठवतंय तसं देतो.

कल्याणच्या छावणीत एका बराकीत बारा-पंधरा बिऱ्हाडं, मध्ये गोणपाटाचे पडदे. बाबा तेव्हा आठ-नऊ वर्षांचे. वडील सकाळी लोकलमध्ये गोळ्या-बिस्किटं विकायचे. "पण सगळेच विकत होते. बराकीत विकणारे हजार आणि घेणारा एक नाही. आम्हीच आमची बिस्किटं खायचो." (कळण्याची भाकरी, तुमच्या तिबेटी बाईने हेच सांगितलं.)

मग जळगावच का? मला वाटलं मित्र, साडू, असंच काही असेल. होतंही, पण थोडं वेगळं. त्यांचे वडील कराचीत रुईच्या दलालाकडे हिशेब लिहायचे. तिथे बाजारभावाचा फळा असायचा आणि फळ्यावर कापसाच्या जाती त्या त्या मुलखाच्या नावाने. त्यात एक नाव "खानदेश". वडिलांनी दहा वर्षं तो शब्द रोज खडूने लिहिला होता. खान्देश कुठे आहे ते ठाऊक नव्हतं, पण तिथे कापूस आहे, म्हणजे दिवाळीनंतर शेतकऱ्याच्या हातात रोकड येते, हे ठाऊक होतं. छावणीत कुणीतरी म्हणालं, जळगावला आपला एक माणूस गेलाय. वडिलांनी विचारलं, जळगाव कुठे आलं? खानदेशात. एवढ्यावर निघाले.

मी म्हटलं, भुसावळ जंक्शन होतं, मोठं स्टेशन, तिथे का नाही? बाबा हसले. "भुसावळला रेल्वेचा पगार. एक तारखेला गिऱ्हाईक, दहा तारखेला उधारी. जळगावला आडत. शेतकरी गाडी रिकामी करतो आणि त्याच पावलाने बायकोला लुगडं घेतो." (बर्लिनमधले भुसावळकर, वाईट वाटून घेऊ नका.)

सुरुवातीची वर्षं कापडाचं गाठोडं पाठीवर आणि आठवडे बाजार: आज वरणगाव, उद्या यावल, परवा पारोळा. बायका सिंधी बोलल्या तर गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जायचं. म्हणून आई पहिल्यांदा आकडे शिकली, मग रंग, मग भांडण. लेवा बोली त्यांनी यावलच्या बाजारात भांडताना उचलली, म्हणून सौ.ला उत्तर तसं आलं.

मी म्हटलं, उन्हाळ्याचं काही वाटलं नाही का? तर म्हणाले, जेकबाबाद कुठे आहे माहीत आहे का? आमच्या आईचं माहेर. तिथून आलेल्याला जळगावचं ऊन म्हणजे... आणि हाताने पंख्याकडे खूण केली.

जेकबाबाद मी घरी येऊन बघितलं. तिथे पारा ५० च्या पुढे जातो.


बर्लिनमधला भुसावळकर
८ मे, रात्री १०.२०

उधारीचं खरं आहे. आमच्या वडिलांची किराण्याची वही मी पाहिलीय. वाईट वाटायला जागाच नाही.


शंकासुर
८ मे, रात्री १०.४०

काका, "ठरवतो" हा शब्द मागे घ्या असं मी म्हटलं होतं. राहू द्या.


कुमारनगरची
८ मे, रात्री ११.०५

जेकबाबाद? त्यांच्या आईचं आडनाव विचारलंत का? माझ्या आजीची मावशी तिथलीच होती. आणि एक विनंती, त्या बाबांना जुनी सिंधी लिपी वाचता येत असेल का? ते आठ-नऊ वर्षांचे असताना निघाले म्हणजे तिथे दोन-तीन इयत्ता झाल्या असतील.


तापीकाठचा
९ मे, सकाळी ६.५०

आडनाव विचारायचं राहिलं. लिपीचं आत्ताच त्यांच्या नातवाला फोन करून विचारलं. म्हणाला, आजोबा रोज सकाळी त्याच लिपीतलं एक जुनं पुस्तक उघडून बसतात, वाचतात की नुसतं बघतात ते माहीत नाही. दुकान अकराला उघडतं, रविवारी बंद. वही घेऊन या. धुळ्याहून सकाळची गाडी धरली तर वेळेत पोचाल. मी स्टँडवर घ्यायला येतो.